बोली लावण्याआधी व्हर्नियर हातात घे

प्रिय दोस्ता,

अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली ईबे या ऑनलाइन लिलावाच्या साइटवरची लिंक रात्री निवांत बसून पाहिली. इटलीतला विक्रेता, ‘फियाट ११०० डी’साठी चार पिस्टनचा सेट, कधीही न वापरलेला जुना साठा, मूळ खोक्यासकट. भावही बरा दिसतोय. आजोबांची डिलाइट गाडी पुन्हा रस्त्यावर आणायची तुझी घाई मला समजते आणि आवडतेही. पण ही बोली लावू नकोस. तिसरा फोटो मोठा करून बघ. खोक्याच्या कडेला लावलेल्या लेबलवर ७२ छापलंय. तुझ्या इंजिनाचा बोअर, म्हणजे सिलेंडरचा आतला व्यास, ६८ मिलिमीटरचा आहे.

विक्रेता खोटं बोलत नाहीये. इटलीत १९६२ ते १९६६ या काळात विकलेल्या ११०० डीला १२२१ सीसीचं इंजिन होतं, बोअर ७२ आणि स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) ७५. तीच गाडी प्रीमियर कंपनीने कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून ‘डिलाइट’ म्हणून बनवली, पण इंजिन ठेवलं १०८९ सीसीचं, ६८ बाय ७५. बाहेरून पाहणाऱ्याला फरक कळणार नाही. या दोन गाड्या चुलत बहिणी आहेत, जुळ्या नव्हेत. झिजलेला बोअर घासून मोठा केल्यावर लागणारे ओव्हरसाइझ पिस्टन मिलिमीटरच्या अंशांनी वाढत जातात, तिथे चार मिलिमीटरचा प्रश्नच येत नाही.

म्हणून माझं सांगणं असं की विक्रेत्याची पारख नंतर कर, आधी स्वतःची गाडी पाठ कर. एक वही घे. चेसिस नंबर, इंजिन नंबर, ओतीव भागांवरचे उठावदार आकडे, प्रत्येक दिव्याचा व्यास, मोनोग्रामच्या (गाडीवरच्या धातूच्या नावपट्टीच्या) दोन भोकांमधलं अंतर, सगळं व्हर्नियरने, म्हणजे बारीक मापाच्या कॅलिपरने, मोजून लिहून ठेव. लिलावात घड्याळ उलटं चालू असतं तेव्हा माणूस मापं काढायला गॅरेजमध्ये जात नाही. ‘बसेल बहुतेक’ म्हणतो आणि बटण दाबतो.

इंजिनाचं बोलतोच आहे तर आणखी एक. अख्खं १२२१चं इंजिन स्वस्तात मिळतंय असं कुणी सांगेल. मोह होईल, कारण ताकद जास्त. जुलै २०२१ पासून पन्नास वर्षांहून जुन्या खासगी गाड्यांना ‘व्हीए’ अक्षरांचा वेगळा नंबर मिळतो, मात्र चेसिस, बॉडी शेल आणि इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा अशी अट आहे. आजोबांच्या आरसी बुकात जो इंजिन नंबर आहे तो ब्लॉक जप. त्यावर पुन्हा काम करता येतं, पण एकदा भंगारात गेला की तो नंबर परत मिळत नाही.

आता इटलीहून काय मागवायचं आणि काय नाही. ब्रेक, क्लच, वॉटर पंप, सस्पेन्शन यांसाठी परदेशी बोली लावायची गरजच नाही. डिलाइटचीच पुढे १९७४ पासून पद्मिनी झाली, मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून कित्येक वर्षं धावली, आणि २०२३च्या ऑक्टोबरात शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली. टॅक्सी गेल्या, तरी त्यांच्यासाठी भरलेला माल जुन्या दुकानांच्या माळ्यावर अजून पडून आहे. कुर्ल्याचा सीएसटी रोड, चोरबाजार, आपल्या पुण्याचा जुना बाजार इथे आधी फिर. हातात जुना पार्ट घेऊन जा. नावं सांगून वेळ जातो, पार्ट दाखवला की म्हातारा दुकानदार न बोलता शिडी लावतो. पिस्टनही इथेच मिळतील, पण मशीन शॉपवाल्याने बोअर मोजून कितीचा ओव्हरसाइझ लागेल ते सांगेपर्यंत थांब.

तिकडच्या गाड्या डाव्या स्टिअरिंगच्या, हेही विसरू नकोस. डॅशबोर्ड, स्टिअरिंग बॉक्स, वायपरची जोडणी या वस्तू आपल्याला आरशातल्यासारख्या उलट्या पडतात. हेडलाइटचं मला जास्त गांभीर्य वाटतं. रस्त्याच्या उजव्या बाजूने चालणाऱ्या देशातल्या काचेचा डिपर, म्हणजे खालचा झोत, उजवीकडे जास्त उजेड टाकतो. ती काच तुझ्या गाडीला छान बसेल, आणि रात्री समोरून येणाऱ्याच्या थेट डोळ्यांत जाईल. असली काच फुकट मिळाली तरी घेऊ नकोस.

न वापरलेला जुना साठा म्हटलं की आपला जीव हलतो. धातूच्या बाबतीत ते ठीक आहे. रबराच्या बाबतीत अजिबात नाही. व्हील सिलेंडरचे वायसर, ब्रेकचे होज, पेट्रोल पंपाचा पडदा, हे सीलबंद पाकिटातही म्हातारे होतात. साठ वर्षांचं पाकीट कपाटात शोभेला ठेव, गाडीत नवीन रबर टाक.

मोनोग्रामवर मात्र मन लावून वेळ घाल, कारण सगळ्यात जास्त फसवणूक तिथेच होते. ‘डिलाइट’ हे नाव फक्त आपल्याकडचं, त्यामुळे ते अक्षर इटलीत सापडणारच नाही. इथले विक्रेते विकतात त्यात नव्याने ओतलेले बरेच असतात. जुन्या मोनोग्रामचाच साचा काढून नवा ओतला की धातू थंड होताना आकसतो आणि प्रत मूळापेक्षा किंचित लहान होते. समोरून पाहून कळत नाही. मागच्या खुंट्यांमधलं अंतर मागव, शेजारी पट्टी ठेवून काढलेल्या फोटोत, आणि वहीतल्या मापाशी ताडून बघ. क्रोमवर बारीक फोड दिसले तर ते वरवरचे समजू नकोस. आतला जस्ताचा धातूच खालून खात आलेला असतो, आणि तो पॉलिश करून पुन्हा क्रोम करणं हे भल्याभल्या कारागिरांनाही जड जातं. खोटा मोनोग्राम लावण्यापेक्षा मी भोकं रिकामी ठेवीन.

शोधताना फक्त ‘फियाट’वर थांबू नकोस. याच घराण्यातल्या गाड्या जर्मनीत हाइलब्रोनला ‘नेकार’ नावानेही बनल्या. त्या नावाखाली आलेल्या मालावर बोली लावणारे कमी असतात.

बोलीचं तंत्र सोपं आहे, मन आवरणं अवघड. ईबेवर तू तुझी कमाल रक्कम एकदाच टाकतोस आणि यंत्रणा गरजेपुरतीच ती वाढवत नेते. म्हणून आधी संपलेल्या विक्रीचे भाव बघ, मागितलेले नव्हे, आणि त्यावरून आपला आकडा ठरव. त्यात पोस्टेज आणि कस्टम ड्युटी धर. ड्युटी वस्तूच्या नुसत्या किमतीवर नव्हे, तर त्यात भाडं आणि विमा मिळवून लागते. आकडा टाकून बाजूला हो. शेवटच्या दहा सेकंदांत कुणी वर गेला तर जाऊ दे. बोलींचा इतिहासही उघड. एखादा बोलीदार सतत याच विक्रेत्याच्या मालावर किंमत चढवतोय आणि जिंकत कधीच नाही, तर तो विक्रेत्याचाच माणूस असू शकतो, तिथून निघ.

विक्रेत्याला दोन ओळी लिही. पार्टच्या मागच्या बाजूचा फोटो आणि शेजारी आजची तारीख लिहिलेला कागद माग. ज्याच्या हातात माल आहे तो पाच मिनिटांत पाठवतो. ‘साइटच्या बाहेर पैसे पाठवा, स्वस्त पडेल’ असं म्हणणाऱ्याशी बोलणं तिथेच थांबव, कारण बाहेर दिलेल्या पैशाला साइटचं कसलंच संरक्षण नाही. युरोपातल्या एजंटच्या पत्त्यावर मागवून पुढे भारतात आणलंस तरी साइटचं संरक्षण बहुतेक सुटतंच.

वापरलेल्या मालाची आयात आपल्याकडे निर्बंधित आहे, त्यासाठी परवाना लागतो, आणि पार्सल अडकलं की सोडवताना दमछाक होते. न वापरलेला माल घेतोस तर बिलावर तसं स्पष्ट लिहून घे. ‘गिफ्ट’ लिहून पाठवतो असं विक्रेता भोळेपणाने म्हणेल. त्याला नाही म्हण. डिसेंबर २०१९ पासून राखी आणि जीवरक्षक औषधं सोडून भेट म्हणून ड्युटी न भरता पार्सल आणायला बंदी आहे.

दिव्याच्या काचा असतील तर खोक्यात खोका घालून पाठवायला सांग आणि त्याचे जास्तीचे पैसे आनंदाने दे. पार्सल आलं की उघडतानाचा व्हिडिओ काढ आणि त्याच दिवशी माप घेऊन गाडीला लावून बघ. तक्रारीची मुदत साधारण तीस दिवसांची असते. पेंटिंग झाल्यावर बघू म्हणून माल कपाटात ठेवलास तर ती तिथेच संपेल.

तुझा,
काका