वाचकांचे प्रश्न : बोल्ट फिरतो, पण निघत नाही

प्रश्न : माझ्याकडे 2006 सालचा पिकअप ट्रक असून चोडणहून फेरीबोटीने रायबंदरला आणि तिथून पुढे म्हापशाच्या बाजाराला नारळ व भाजी नेण्याचे काम मी गेली बरीच वर्षे त्यावर करतो. अलीकडे गतिरोधकावरून उतरताना मागच्या डाव्या बाजूने ‘खट्ट’ असा आवाज येतो. पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) रबरी बुश संपले आहेत असे आमच्या मेस्त्रीचे म्हणणे आहे. त्याने पुढच्या हँगरचा, म्हणजे पाटा चॅसीला जिथे अडकवलेला असतो त्या कड्याचा, नट काढला. परंतु बोल्ट काही केल्या बाहेर येत नाही. पाना लावला की थोडा फिरतो आणि सोडला की रबरासारखा मागे येतो. गॅसने तापवून बोल्ट आणि बुश दोन्ही जाळून काढू, असे तो सुचवतो. हे करू द्यावे काय?
— एक वाचक, चोडण

उत्तर : बोल्ट फिरून मागे येतो ही आपण सांगितलेली खूण महत्त्वाची आहे, कारण नेमके काय जाम झाले आहे ते तिच्यावरूनच कळते. पाट्याच्या टोकाला वळवलेल्या गोल भोकात, म्हणजे डोळ्यात, जो बुश बसतो त्याचे तीन थर असतात : बाहेर लोखंडी कवच, मध्ये रबर आणि आत लोखंडी नळी. बोल्ट या नळीतून जातो आणि नट आवळला की हँगरचे दोन्ही कान नळीला दोन्ही बाजूंनी घट्ट धरतात. गाडी चालताना पाटा वरखाली होतो तेव्हा नळी जागची हलत नाही. मधले रबर तेवढे पिळले जाते आणि पुन्हा सरळ होते. बोल्ट आणि नळी यांच्यामध्ये केसभर फट असते. तिच्यात पाणी शिरले की दोन्हीकडचे लोखंड गंजते, आणि गंजाला मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जास्त जागा लागत असल्यामुळे ती फट आतून ठासून भरली जाते. म्हणजे आपला बोल्ट हँगरमध्ये मोकळा आहे, पण नळीशी एकजीव झाला आहे. आपण पाना फिरवता तेव्हा नळीसकट रबर पिळले जाते आणि तेच रबर बोल्टला मागे आणते. फेरीच्या उतारावर भरतीचे मचूळ पाणी असते आणि तेच रोज गाडीच्या मागच्या भागावर उडते, हे लक्षात घेतले तर इतकी वर्षे बोल्ट टिकला हेच नवल म्हणावे लागेल.

आता गॅसचा विचार करू. हँगर तापवून बोल्ट सैल करण्याची पद्धत चुकीची नाही. बाहेरचा भाग तापून फुगतो आणि पकड सुटते. मात्र आपल्या बाबतीत पकड हँगरमध्ये नसून बुशच्या आत आहे, आणि तिथवर उष्णता पोहोचेपर्यंत रबर पेट घेते. पेटलेल्या रबराचा काळा धूर आणि उग्र वास हा त्रास वेगळाच. खरा धोका असा की जवळून ब्रेकचा पाइप आणि वायरिंग जाते आणि इंधनाची टाकीही बहुधा लांब नसते. त्याहून मोठे नुकसान डोळ्यांना दिसत नाही. पाटा हे पाणी दिलेले, म्हणजे तापवून आणि थंड करून कणखर केलेले, पोलाद आहे. त्याचा डोळा लाल होईपर्यंत तापला की ते पाणी उतरते आणि काही महिन्यांनी भरलेल्या गाडीखाली डोळा उघडू लागतो. बुश जाळून काढणे हे काम अर्ध्या तासात उरकते म्हणूनच ते गॅरेजांमध्ये चालते. पाट्याच्या दृष्टीने पाहिले तर ती पद्धत मला पटत नाही.

त्याऐवजी सुरुवात चार दिवस आधी करावी. तारेच्या ब्रशने बोल्टची दोन्ही टोके आणि हँगरच्या कानाशेजारची फट साफ करून तिथे गंज सोडवणारे पातळ तेल सकाळ-संध्याकाळ द्यावे आणि मधल्या काळात गाडी चालू ठेवावी, कारण हादऱ्यांनी तेल आत उतरायला मदत होते. नंतर नट बोल्टच्या टोकाशी समपातळीत येईल इतकाच परत चढवून त्यावर घणाचे ठाम, पण सरळ ठोके द्यावेत. नट चढवलेला असला की आटे चेपत नाहीत. बोल्टच्या डोक्याला बारा कोनी नव्हे तर सहा कोनी सॉकेट लावावे, आणि सोडवण्याआधी बोल्ट किंचित आवळून पाहावा. गंजाची पहिली चीर पुष्कळदा आवळतानाच पडते. एवढे करूनही बोल्ट मागेच येत राहिला, तर आणखी जोर लावण्यात अर्थ नाही. तो कापावा.

कापण्याची जागा पाट्याचा डोळा आणि हँगरचा कान यांच्यामध्ये असते. तिथे बुशची नळी दोन्ही बाजूंना थोडी बाहेर आलेली दिसते. पुढेमागे चालणाऱ्या विजेच्या करवतीचे लांब, लोखंड कापणारे पाते तिथे सरळ बसते. ती नसेल तर हॅक्सॉचे नुसते पाते कापडात गुंडाळून हातानेही कापता येते, फक्त दोन्ही बाजू कापायला अख्खी दुपार जाईल. ग्राइंडर वापरायचा असेल तर पातळ चकती लावावी आणि हँगरला चीर पडणार नाही याची काळजी घ्यावी. दोन्ही बाजू कापल्या की डोळा सुटून खाली येतो आणि कानांत उरलेले तुकडे हलक्या ठोक्याने निघतात.

नेमक्या याच क्षणी अपघात होतात, म्हणून कापण्याआधीची तयारी इथे स्पष्ट सांगतो. पुढच्या चाकांना दोन्हीकडून ओंडके लावावेत, चॅसी मजबूत घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) ठेवावी आणि ॲक्सलखाली वेगळा जॅक द्यावा. या जॅकने ॲक्सल वरखाली करत पाट्यावरचा ताण जवळजवळ शून्यावर आणावा. ताणात असलेला पाटा सुटला तर उसळतो, आणि त्याच्या वाटेत बहुधा मेस्त्रीचे मनगट असते. केवळ जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कोणीही जाऊ नये. दोन्ही बाजूंचे बोल्ट एकदम सोडू नयेत. एका वेळी एकच टोक घेतल्यास ॲक्सल जागेवरून सरकत नाही आणि नवा बोल्ट घालताना भोके जुळवण्यासाठी पहारीने कुस्ती करावी लागत नाही.

जुना बुश डोळ्यातून काढताना आधी रबरात ड्रिलने एकमेकांलगत भोके पाडून मधली नळी ढकलून द्यावी. मग हॅक्सॉचे पाते डोळ्यातून ओवून उरलेल्या कवचाला आतून एक चीर द्यावी. कवच पातळ असते. पात्याचा आवाज बदलला की थांबावे, कारण त्यापुढे पाट्याचे पोलाद आहे. चिरलेले कवच छिन्नीने आत दुमडले की हाताने निघते. डोळा एमरीने पुसून चीर गेली आहे का, डोळ्याचे तोंड उघडले आहे का, हे उजेडात नीट पाहावे. चीर दिसली तर बुशचे काम तिथेच थांबवून तो मुख्य पाटा बदलावा.

नवा बुश हातोड्याने ठोकू नये. तो प्रेसवर किंवा लांब आट्याची सळई, दोन जाड वायसर आणि मापाचे सॉकेट यांच्या साहाय्याने ओढून बसवावा, आणि दाब नेहमी बाहेरच्या कवचावर यावा, रबरावर नव्हे. रबर सरकवायचे झाल्यास साबणाचे पाणी वापरावे. ग्रीस किंवा तेल नको, त्याने नैसर्गिक रबर फुगते आणि मऊ पडते. ओघाने सांगतो : पावसाळ्याआधी इंजिनचे जुने काळे तेल गाडीखाली फवारण्याची आपल्याकडे जी प्रथा आहे, ती पत्र्याला कदाचित उपकारक असेल, पण बुशांच्या रबराला ती मारकच ठरते.

बोल्ट नवा आणि मूळच्याच दर्जाचा घ्यावा. डोक्यावर 8.8 किंवा 10.9 असा आकडा कोरलेला असतो, 10.9 च्या जागी बाजारातला बिनआकड्याचा बोल्ट घालणे म्हणजे दुसरा बिघाड विकत घेणे होय. जो बोल्ट लाल होईपर्यंत तापला असेल तो पुन्हा वापरू नये. बोल्टच्या दांड्याला आणि नळीच्या आत जाम न होऊ देणारा ॲन्टी-सीझ लेप द्यावा, म्हणजे पुढच्या वेळी करवत काढावी लागणार नाही.

आता जी चूक मी सर्वांत जास्त वेळा पाहिली आहे ती सांगतो. नवा बोल्ट घालून मेस्त्री गाडी वर उचललेली असतानाच नट पूर्ण आवळतो. त्या वेळी पाटा खाली लोंबकळत असतो आणि नळी त्याच अवस्थेत पकडली जाते. गाडी चाकांवर उतरली की उभ्या उभ्याच रबर पिळलेले राहते, आणि पुढच्या प्रत्येक खड्ड्यात ते आणखी पिळते. असा बुश काही महिन्यांतच फाटतो आणि दोष मात्र बुश बनवणाऱ्याला दिला जातो. म्हणून नट आधी हातापुरता आवळावा, गाडी चारही चाकांवर उतरवावी, एकदोनदा हलवावी आणि मगच मॅन्युअलमधल्या आकड्यानुसार टॉर्क रेंचने आवळावा. नट आत नायलॉनची कडी असलेला असेल तर तोही नवा घ्यावा. आवाज फक्त डाव्या बाजूचा असला तरी उजव्या बाजूचे बुशही त्याच खेपेला बदलावेत. ते त्याच पाण्यात, त्याच वयाचे झालेले आहेत.

प्रश्न : आमचा टिपर मार्च 2018 मध्ये गोव्यातले खाणकाम थांबल्यापासून डिचोलीला घराशेजारी उभा होता. आता तो पुन्हा रस्त्यावर आणायचा आहे. पाट्यांच्या शॅकल पिना (पाट्याचे टोक झुलत्या कडीला जोडणाऱ्या पिना) घणाने मारूनही हलत नाहीत. बुश रबराचे नसून गनमेटलचे (एक प्रकारच्या काशाचे) आहेत.
— एक वाचक, डिचोली

उत्तर : घण खाली ठेवा आणि आधी हँगरच्या बाजूला आडवा बसणारा छोटा लॉक बोल्ट किंवा कॉटर शोधा. पुष्कळ जड गाड्यांत तो पिनेच्या खाचेतून जातो आणि लाल मातीच्या थराखाली दिसेनासा होतो. तो निघाल्याशिवाय पिन हलणार नाही. उलट घणाने तिचे डोके फुगून ती अधिकच अडकेल. लॉक काढल्यावर पिनेपेक्षा थोड्या कमी व्यासाचा पितळी दांडा मध्ये धरून मारावे. इथे रबर नसल्यामुळे हँगरचा कान बाहेरून तापवायला हरकत नाही, परंतु ज्योत पाट्याच्या डोळ्यापासून दूर ठेवावी आणि आधी दिलेले तेल पूर्ण पुसून घ्यावे.

पिन निघाली की तिचे ग्रीसचे छिद्र पाहा. इतके पावसाळे उभ्या राहिलेल्या गाडीत तिथे सुकलेले ग्रीस आणि माती यांचा खडा झालेला असतो. तो तारेने काढून निपल (ग्रीस भरायचे तोंड) नवा लावावा. पिनेवर बोटाचे नख अडकेल इतकी पायरी झिजली असेल तर नुसता बुश बदलून उपयोग नाही, दोन्ही नवीन घ्यावेत. गनमेटलचा बुश दाबून बसवल्यावर त्याचे भोक किंचित आवळते, म्हणून तो रीमरने (भोक आतून खरवडून मापात आणणाऱ्या हत्याराने) मापात आणावा लागतो. पिन तेल लावून हाताने आत सरकावी, पण आत हलू नये. ग्रीस भरताना चॅसी जॅकवर उचलून पाट्यांवरचे वजन काढावे. एरवी वजनाखालची बाजू दाबलेली राहते आणि जिथे झीज होते तिथेच ग्रीस पोहोचत नाही. दोन्ही कडांतून नवे, स्वच्छ ग्रीस बाहेर येईपर्यंत पंप मारावा. पावसाळ्यात खाणीच्या चिखलात काम असेल तर हे दर आठवड्याला करावे.

मालवाहू गाडीला 8 वर्षांनंतर दरवर्षी फिटनेस लागते. तिथे जाण्यापूर्वी डोळा आणि हँगर यांच्यामध्ये पहार घालून दाबून पाहावे. ग्रीस भरल्यानंतरही पिन ठकठक हलताना दिसली तर रीमरचे माप चुकले आहे असे समजून बुश पुन्हा काढावा.