ॲपलने एफबीआयला तो एक फोन उघडून दिला असता तर काय बिघडलं असतं?

तुमचा प्रश्न असा आहे की २०१६ मध्ये ॲपलने अतिरेक्याचा आयफोन उघडायला एफबीआयला मदत नाकारली, आणि पुढे एफबीआयने तो दुसऱ्याकडून उघडून घेतलाच. मग ॲपल अडून बसली त्यातून मिळालं काय? मी साताऱ्यात चिप-लेव्हल मोबाईल दुरुस्ती करतो. "लॉक काढून द्या, पण डेटा जायला नको" हे वाक्य मला आठवड्यातून दोन-तीनदा ऐकायला मिळतं. माझं मत ॲपलच्या बाजूने आहे, पण त्या मताची किंमत मी समोर बसलेल्या माणसांच्या चेहऱ्यावर पाहिली आहे.

मुळात काय मागितलं होतं ते आधी बघू. २ डिसेंबर २०१५ रोजी कॅलिफोर्नियातल्या सॅन बर्नार्डिनोत एका नवरा-बायकोने गोळ्या घालून १४ जणांना मारलं. स्वतःचे फोन त्यांनी आधीच फोडून टाकले होते. हाती लागला तो नवऱ्याला नोकरीत मिळालेला, काउंटीच्या (तिथल्या जिल्ह्याच्या) आरोग्य खात्याचा आयफोन ५सी. चार आकडी पासकोड धरला तर शक्यता दहा हजार. फोन प्रत्येक पासकोड तपासायला साधारण ८० मिलिसेकंद घेतो, म्हणजे सगळे आकडे पंधरा मिनिटांच्या आत संपतात. आडवं येतं ते सॉफ्टवेअर: चुका वाढल्या की थांबायला लावतं, आणि सेटिंग चालू असेल तर दहाव्या चुकीला डेटा पुसतं. १६ फेब्रुवारी २०१६ च्या कोर्टाच्या आदेशाने ॲपलला सांगितलं की हे दोन्ही अडसर काढणारं आणि केबलमधून पासकोड घालू देणारं सॉफ्टवेअर बनवा. आदेशाचा आधार १७८९ सालचा कायदा.

सॉफ्टवेअरच का, चिप काढून वाचता येत नाही का, असं बरेच जण विचारतात. पूर्वी यायची. जुन्या अँड्रॉइड फोनची मेमरी आयसी हॉट एअरने उचलायची, रीडरमध्ये घालायची, फोटो समोर यायचे. मी स्वतः तसे कितीतरी काढून दिलेत. आता तीच आयसी वाचली तर नुसता कचरा दिसतो, कारण डेटा कुलूपबंद (एन्क्रिप्टेड) असतो; त्याची किल्ली पासकोड आणि प्रोसेसरच्या आत कोरलेला एक गुप्त आकडा मिळून बनते, आणि तो आकडा बाहेर येत नाही. फोन रीस्टार्ट केल्यावर पहिल्यांदा बोट चालत नाही, पासकोडच लागतो, हे तुम्ही पाहिलं असेल. त्या वेळी बहुतेक किल्ल्या तयारच झालेल्या नसतात. म्हणूनच पासकोड त्याच फोनवर टाकून पाहावा लागतो, आणि त्यासाठी ॲपलची सही असलेलं सॉफ्टवेअर हवं होतं. दुसऱ्या कुणाचं तो फोन चालवणारच नाही.

एफबीआय म्हणत होती, फक्त हा एकच फोन. पण त्याच महिन्यात न्यूयॉर्कमधल्या मॅनहॅटनचे सरकारी वकील सांगत होते की त्यांच्याकडे १७५ आयफोन उघडायचे पडून आहेत. एकदा ते हत्यार बनलं की पुढच्या आदेशाला "आमच्याकडे असं काही नाही" हे उत्तर उरत नाही. आपल्याकडेसुद्धा माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६९ आहे: सरकारने सांगितल्यावर डेटा उलगडायला मदत केली नाही तर सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कॅलिफोर्नियासाठी बनवलेलं हत्यार तिथेच राहिलं असतं, यावर माझा विश्वास नाही.

शेवटी २८ मार्चला सरकारने फोन उघडल्याचं सांगून अर्ज मागे घेतला. काम अझिमथ नावाच्या ऑस्ट्रेलियन कंपनीने केलं होतं, हे वॉशिंग्टन पोस्टने २०२१ मध्ये छापलं. मोबदला ९ लाख डॉलर. फोनमध्ये तपासाला उपयोगी असं विशेष काही निघालं नाही. मला या रकमेत काही चूक दिसत नाही. एक फोन उघडायला इतका पैसा आणि इतके हुशार लोक लागत असतील तर पोलीस तो मार्ग खऱ्या गुन्ह्यासाठीच वापरतील. स्वस्त झाल्यावर काय होतं ते सर्बियात दिसलं. तिथल्या पोलिसांनी सेलेब्राइट कंपनीचं फोन उघडायचं यंत्र वापरून एका पत्रकाराचा फोन उघडला आणि त्यात हेरगिरीचं ॲप घातलं, हे ॲम्नेस्टी या मानवाधिकार संघटनेने डिसेंबर २०२४ मध्ये पुराव्यासकट मांडलं.

आता दुसरी बाजू, कारण ती खोटी नाही. सॅन बर्नार्डिनोत गेलेल्यांच्या काही घरच्यांनी एफबीआयला पाठिंबा दिला होता. मला तो समजतो. गेल्या पावसाळ्यात एक ताई अपघातात गेलेल्या भावाचा आयफोन घेऊन आल्या. काच फुटलेली, बोर्ड शाबूत. मी डिस्प्ले बदलला, फोन चालू झाला आणि सहा रिकामे गोल समोर आले. त्यांनी त्याची जन्मतारीख टाकली, मग आईची. तिसरी टाकण्याआधी मीच हात धरला. "दादा, मला दुसरं काही नको, त्याचा आवाज पाहिजे," म्हणाल्या. माझ्याकडे काहीही नव्हतं. त्या भावाने सेटिंगमध्ये लेगसी कॉन्टॅक्ट, म्हणजे आपल्या मागे डेटा कुणाला मिळावा ते, म्हणून बहिणीचं नाव घातलं असतं, तर आयक्लाउडवर (ॲपलच्या ऑनलाइन साठ्यात) असलेला बहुतेक डेटा त्यांना रीतसर मागता आला असता. २०२१ च्या शेवटी आलेली ही सोय माझ्या दुकानात आलेल्या एकाही गिऱ्हाइकाला माहीत नव्हती. तुम्ही आजच करून ठेवा, पाच मिनिटांचं काम आहे.

मग मी विचारलं, "ताई, तो तुम्हाला व्हॉट्सॲपवर बोलून पाठवायचा का?" त्यांनी स्वतःचा फोन पुढे केला. दोघांच्या चॅटमध्ये वर वर सरकत गेलो तर त्याचे एक्केचाळीस व्हॉइस मेसेज मिळाले. सगळे पेनड्राइव्हवर घेऊन दिले, आणि त्याचा बंद फोन कापडाने पुसून पिशवीत घालून दिला.