नाशिकजवळ वीज-नेटवर्क नसलेल्या सरकारी जागेवर तंबू टाकून राहायचं असेल तर सुरक्षित कसं राहावं?

तुम्ही दोघी मैत्रिणी दिवाळीनंतर त्र्यंबकच्या पुढे हरसूलच्या बाजूला मोकळ्या सरकारी जागेवर दोन रात्री राहणार आहात आणि सोबत काय काय घ्यावं असं विचारलंय. सामानाचं सांगतेच, पण त्याआधी एक. तुम्ही कुठे उतरला आहात हे जवळच्या पाड्यावर माहीत असलं पाहिजे. इगतपुरी ते सुरगाणा या पट्ट्यात मी बारा-तेरा वर्षं अशी राहत आलेय. अडचण आली तेव्हा दर वेळी पाड्यावरची माणसंच धावून आली.

सरकारी जागा म्हणजे कोणाचीच नाही, असं नसतं. त्या बाजूला बराचसा डोंगर वनखात्याचा आहे. राखीव वनात न विचारता शिरणं आणि आग पेटवणं हा १९२७ च्या वन कायद्याने गुन्हा आहे. त्यामुळे वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांच्या कार्यालयात आधी जाऊन विचारा, आणि परवानगी मिळाली तर ती लेखी घ्या. गायरान असेल तर ग्रामपंचायतीत विचारायचं. धरणाचा काठ जलसंपदा विभागाचा असतो. तिथे पाणी उतरलेल्या भागात वरून सुकलेला, भेगाळलेला गाळ दिसतो, पण खाली तो मऊच असतो आणि पाय मांडीपर्यंत जातो. अशा काठावर तंबू नको आणि पाण्यात उतरणंही नको. पोहता येत असलं तरी नको.

उजेडात पोचा, चारच्या आत. आधी पाड्यावर जा, चहा विचारतील तो घ्या, पोलीस पाटील असतील तर त्यांना भेटा. मग तीन गोष्टी विचारा: पिण्याचं पाणी कुठलं, जनावर कुठून येतं-जातं, आणि रात्री काही झालं तर कोणाच्या दाराशी यायचं. एकदा आम्ही ओहोळाच्या कडेला छान सपाट गवत बघून तंबू उभारायला घेतला होता. शेळ्या घेऊन परतणारे एक बाबा थांबले आणि म्हणाले, "ताई, हितं नका टाकू. ही वाघराची पाण्याची वाट हाये." त्यांनी आम्हाला त्यांच्या घराजवळच्या खळ्याशेजारी आणलं. सकाळी त्या ओहोळावर तोंड धुवायला गेलो, तर चिखलात ठसे होते. गोल, चार बोटांचे, नखं न उमटलेले. कुत्र्याच्या ठशात नखं दिसतात, बिबट्या ती आत ओढून चालतो. आदल्या संध्याकाळी आम्ही सामान ठेवलं होतं, तिथून जेमतेम पंधरा पावलांवर ते होते.

बिबट्या सहसा माणसाच्या वाटेला जात नाही. पण खाली बसलेलं, वाकलेलं, बुटकं काही दिसलं तर त्याची फसगत होऊ शकते. म्हणून अंधारात शौचाला एकट्याने जायचं नाही. दोघींनी जा, टॉर्च लावून, मोठ्याने बोलत. खरकटं आणि मटणाची हाडं तंबूजवळ ठेवू नका. पाळलेला कुत्रा तर अजिबात नेऊ नका, बिबट्याचं ते आवडतं खाद्य आहे. समोर आलाच तर पाठ दाखवून पळायचं नाही. उभं राहायचं, आवाज करायचा आणि हळूहळू मागे सरायचं. वनखात्याचा मदत क्रमांक १९२६ आहे. त्या भागातल्या लोकांनी वाघबारसेला वाघदेवाला नारळ वाहिलेला असतो. शेंदूर लावलेला तो दगड दिसला तर त्याच्याजवळ तंबू टाकू नका. ती त्यांची देवाची जागा आहे.

मला बिबट्यापेक्षा जास्त काळजी सापाची वाटते, कारण तुम्ही जाणार तेव्हा भात कापणी झालेली असेल. पेंढा, खळं, उंदीर आणि त्यांच्या मागे साप. वर सांगितलेल्या मुक्कामात पेंढ्याच्या ढिगापासून आम्ही लांब राहिलो होतो. दुसऱ्या एका वेळी राहिलो नाही. सकाळी तंबू गुंडाळताना खालची ताडपत्री उचलली, तर तिच्या घडीत मण्यार होता. निळसर काळा, तुकतुकीत, अंगावर पांढरे बारीक पट्टे, डोकं वेटोळ्यात खुपसून गप्प पडलेला. रात्रभर आमच्या पाठीखाली तो ऊब घेत होता. मण्यार रात्री फिरतो आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो. चावलेलं बहुतेक वेळा दुखत नाही, सूजही येत नाही, कधी खूण सापडत नाही. पहाटे पोटात कळ येते, पापण्या जड होऊन मिटायला लागतात, बोलणं अडखळतं. ही लक्षणं दिसली तर "खाण्यातून काही झालं असेल" म्हणत बसू नका, तडक दवाखाना गाठा. दंश कापणं, चोखणं, घट्ट दोरी बांधणं यातलं काही करू नका. तो हात-पाय लाकडाला बांधून स्थिर ठेवा, माणसाला चालवू नका. हरसूल, त्र्यंबक दोन्हीकडे सरकारी रुग्णालय आहे आणि पुढे नाशिकचं जिल्हा रुग्णालय. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर एकच प्रतिविष चालतं, म्हणून साप मारून किंवा पकडून न्यायच्या भानगडीत पडू नका. तंबू घ्याल तो खाली शिवलेल्या तळाचा आणि चेन पूर्ण लागणारा घ्या. बूट आत ठेवा आणि सकाळी झटकूनच घाला, विंचू हमखास त्यात बसतो.

थंडीचं. त्या पठारावर पहाटे चांगलंच गार होतं, दहिवराने तंबू आतूनही ओला होतो. मग कोणीतरी म्हणतं, निखाऱ्याची शेगडी आत घेऊ. कृपा करून घेऊ नका. आमच्यातल्या एकाने घेतली होती. निखारे लाल झाले, धूर थांबला, म्हणून त्याला वाटलं आता हरकत नाही. निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि झोपेत तो कळत नाही. दुसऱ्या तंबूतल्या मुलीला त्याच्या ओकण्याचा आवाज आला म्हणून आम्ही त्याला बाहेर ओढला. डोकं फुटतंय म्हणत होता आणि पायावर उभं राहता येत नव्हतं. गॅसची छोटी शेगडीसुद्धा आत नको. दोन गोधड्या जास्त न्या, पाठीखाली जाड अंथरा, कारण खालून लागणारी थंडी जास्त छळते. उघडी शेकोटी वनजमिनीवर नाहीच. बाहेर परवानगीने पेटवलीत तर झोपण्याआधी पाणी ओतून राख हाताला गार लागेपर्यंत ढवळा. त्या दिवसांत गवत वाळायला लागलेलं असतं आणि वणवा वाऱ्याबरोबर माणसापेक्षा वेगाने धावतो.

अवकाळीचे ढग आले, गडगडाट ऐकू आला, तर तंबू सोडून गाडीत किंवा पक्क्या घरात जा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तिथेच थांबा. कड्यावर आग्या मोहोळ असेल तर तिथे धूर नको, अत्तर नको, आरडाओरडा नको.

फोनबद्दल. रेंज नसते, पण आपल्या कंपनीची नसली आणि दुसऱ्या कोणाची असली तर ११२ लागू शकतो, प्रयत्न करा. पाड्यावरच्या माणसांना नेमक्या कुठल्या टेकाडावर रेंज येते ते ठाऊक असतं, ते उजेडातच बघून ठेवा. परदेशी व्हिडिओ पाहून उपग्रहावर चालणारा फोन किंवा मेसेज यंत्र मागवू नका. दूरसंचार विभागाच्या परवान्याशिवाय ते जवळ बाळगणं आपल्याकडे बेकायदा आहे आणि त्यावरून लोकांना अटक झालेली आहे. त्यापेक्षा घरी एका कागदावर लिहून ठेवा: पाड्याचं नाव, तंबूची जागा, गाडीचा नंबर आणि परतायची वेळ. त्या वेळेनंतर तीन तास फोन आला नाही तर कोणाला कळवायचं, तेही त्यावरच लिहा.

पाणी प्यायचं ते उकळून. प्रथमोपचार आणि सुटे सेल असलेल्या दोन टॉर्च लागतीलच.

आणि निघताना पुन्हा त्या घरी जा. एकदा आम्ही पहाटेच निघालो, कोणाला उठवायला नको म्हणून. दोन दिवसांनी कळलं की त्या घरातली वहिनी सकाळी भाकरी घेऊन आमच्या जागेवर आली होती. तंबू नाही, माणसं नाहीत हे पाहून तिने माणसं गोळा केली आणि दुपारपर्यंत ती ओहोळात आम्हाला शोधत होती.