गुडघेदुखीची गोळी रोज घ्यावी का?

प्रश्न : सासूबाई ६८ वर्षांच्या आहेत. बी.पी.साठी टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइडची एकत्र गोळी चालू आहे. गुडघ्यांसाठी मेडिकलमधून आणलेली ॲसिक्लोफेनॅक-पॅरासिटामॉल तीन महिने सकाळ-संध्याकाळ घेताहेत. त्यावरच त्यांचा जिना चढून होतो, बंद करा म्हटलं की चिडतात. सोबत पॅन्टोप्राझोल आहे, मग हरकत नाही ना?

उत्तर : गोळीने त्यांना खरंच बरं वाटतंय, ते नाकारू नका. कुणाच्या मदतीशिवाय जिना चढता येणं ही लहान गोष्ट नव्हे. पण पॅन्टोप्राझोल पोट सांभाळतं, किडनी नाही, आणि सासूबाईंना खरा धोका तिथेच आहे.

ॲसिक्लोफेनॅकमुळे किडनीत रक्त आणणाऱ्या बारीक वाहिन्या आकसतात, टेल्मिसार्टनमुळे रक्त बाहेर नेणाऱ्या सैलावतात आणि हायड्रोक्लोरोथायझाइड लघवीवाटे अंगातलं पाणी कमी करतं. तिन्ही जमले की रक्त गाळायला लागणारा दाबच उरत नाही. एरवी निभावून जातं. जुलाब-उलट्या झाल्या, निर्जळी उपवास धरला की काही दिवसांतच क्रिएटिनिन (किडनीचं काम मंदावलं की रक्तात वाढणारा घटक) चढू शकतं, आणि दुखत काहीच नाही. शिवाय याच दुखण्याच्या गोळीने बी.पी. वाढतं, मग बी.पी.ची गोळी वाढवली जाते. हे चक्र आम्हाला फार खुपतं.

या आठवड्यातच क्रिएटिनिन, पोटॅशियम आणि हिमोग्लोबिन तपासा. रिपोर्टसोबत दुखण्याच्या गोळीची स्ट्रिपही बी.पी.च्या डॉक्टरांना दाखवा. बी.पी.ची गोळी मात्र आपणहून थांबवू नका. डांबरासारखी काळी शौच, कमी लघवी, पायांवर सूज, धाप किंवा छातीत दुखणं, यातलं काहीही दिसलं तर दुखण्याची गोळी बंद करून त्याच दिवशी दवाखाना गाठा.

गोळीऐवजी गुडघ्यावर वेदनाशामक जेल लावता येतं. ‘जेलने गुण येत नाही’ असं म्हणणारे बहुतेक जण वाटाण्याएवढंच जेल लावतात. १ टक्का डायक्लोफेनॅक जेलचं माप एका गुडघ्याला एका वेळी ४ ग्रॅम, दिवसातून चारदा. म्हणजे ३० ग्रॅमची ट्यूब सात-आठ वेळांत संपायला हवी. खर्च होतो, पण गोळीच्या मानाने रक्तात फारच थोडं उतरतं. त्यावर शेक किंवा घट्ट पट्टा नको, आणि सोबत गोळीही नको. किडनी आधीच कमजोर निघाली तर जेलसुद्धा विचारूनच.

जोडीला व्यायाम हवा : गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती गुडघ्याने ५ सेकंद खाली दाबायची, १० वेळा, सकाळ-संध्याकाळ. फरक दिसायला काही आठवडे जातात, तोवर सोडू नका.

घरचं लग्न, लांबचा प्रवास अशा वेळी दोन-तीन दिवस गोळी चालेल का, हे क्रिएटिनिन पाहून डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा.