वाचकांचे प्रश्न : टॉमकॅट गोठतो तेव्हा

प्रश्न : आमच्या महाविद्यालयाच्या प्रवेश अर्जांचे संकेतस्थळ टॉमकॅट ९ या जावा वेब सर्व्हरवर चालते. एरवी तक्रार नसते, पण अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवसांत सकाळी अकराच्या सुमारास पाने उघडेनाशी होतात. त्या वेळी सीपीयूचा वापर पाच-सात टक्क्यांवर जात नाही, मेमरी मोकळी असते आणि लॉगमध्ये एकही एरर दिसत नाही. रीस्टार्ट केल्यावर अर्धा-पाऊण तास सुरळीत चालते आणि पुन्हा तेच होते. सर्व्हर डॉट एक्सएमएलमध्ये मॅक्सथ्रेड्स (विनंत्या हाताळणाऱ्या थ्रेडची कमाल संख्या) २०० वरून ८०० केले, तरी फरक पडला नाही. त्यापूर्वी गोठलेल्या अवस्थेत घेतलेला एक थ्रेड डंप (त्या क्षणी प्रत्येक थ्रेड काय करत होता याची नोंद) सोबत जोडला आहे. (एक वाचक, सांगली)

उत्तर : आपण रीस्टार्टपूर्वी थ्रेड डंप घेतला, ही या प्रकरणातील सर्वांत मोलाची गोष्ट आहे. सर्व्हर अडला की आधी रीस्टार्ट करण्याची सवय आपल्याकडे सर्वत्र आहे आणि दोष सांगणारा पुरावा त्याच क्षणी पुसला जातो. आपल्याकडे तो आहे, म्हणून उत्तर खात्रीने देता येते.

सीपीयू जवळजवळ रिकामा असताना सर्व्हर अडत असेल, तर तो काम करत नसून कशाची तरी वाट पाहत आहे. कशाची, ते डंपमध्ये लिहिलेले असते. ‘एचटीटीपी-निओ-८०८०-एक्झेक’ या नावाने सुरू होणारे दोनशेच्या दोनशे थ्रेड ‘वेटिंग’ अवस्थेत आहेत. केवळ या शब्दावरून निष्कर्ष काढू नये, कारण काम नसलेला निवांत थ्रेडही ‘वेटिंग’च दाखवतो, फरक त्याखालच्या ओळींत असतो. निवांत थ्रेडच्या ओळींत ‘टास्क-क्यू’ दिसते, म्हणजे तो पुढच्या विनंतीसाठी तयार बसलेला असतो. आपल्या थ्रेडच्या ओळींत मात्र ‘जेनेरिक-ऑब्जेक्ट-पूल’ आणि ‘बॉरो-ऑब्जेक्ट’ आहे, म्हणजे प्रत्येक जण पूलकडे, म्हणजे तयार कनेक्शनांच्या साठ्याकडे, डेटाबेस कनेक्शन मागत ताटकळत उभा आहे.

आता त्या डंपमध्ये काय नाही तेही पाहा. डेटाबेसकडून उत्तर येण्याची वाट पाहणारा, म्हणजे ड्रायव्हरच्या सॉकेट-रीडमध्ये थांबलेला, एकही थ्रेड त्यात नाही. एखादी क्वेरी मंद असती तर पूलमधील कनेक्शन वापरणारे थ्रेड तेथे दिसले असते. सगळी कनेक्शने दिलेली आहेत आणि वापरत मात्र कोणीच नाही, याचा अर्थ ती नेली गेली आणि परत केली गेली नाहीत. ग्रंथालयातील पुस्तकाच्या आठही प्रती वाचकांनी घरी नेऊन विसराव्यात आणि काउंटरवर रांग वाढत जावी, तसे हे आहे. रांगेची जागा दोनशेवरून आठशे केल्याने प्रती परत येत नाहीत.

आठ हा आकडा मी सहज घेतलेला नाही. टॉमकॅटसोबत येणाऱ्या डीबीसीपी या कनेक्शन पूलमध्ये मॅक्सटोटल (कनेक्शनांची कमाल संख्या) आपण लिहिले नाही, तर ते ८ धरले जाते. आणि मॅक्सवेटमिलिस (थांबण्याची मुदत, मिलिसेकंदांत) लिहिले नाही, तर मागणारा थ्रेड अनंत काळ थांबतो. लॉगमध्ये एरर न दिसण्याचे कारण हेच आहे, कारण थांबण्याला मुदतच नसल्याने अपयशाची नोंद होण्याची वेळ येत नाही. अ‍ॅक्सेस लॉगही येथे फसवतो, कारण टॉमकॅट त्यात ओळ लिहितो ती विनंती पूर्ण झाल्यावर. अडकलेल्या विनंत्या त्यात दिसतच नाहीत आणि लॉग शांत वाटतो.

कनेक्शन हरवते ती वाट बहुधा एक्सेप्शनची, म्हणजे कोड मध्येच तोडणाऱ्या चुकीची, असते. कोडमध्ये कनेक्शन घेतले जाते, मग अर्जदाराने चुकीच्या आकाराचा फोटो चढवला किंवा जन्मतारीख भलत्याच स्वरूपात लिहिली की एक्सेप्शन उडते आणि खाली लिहिलेल्या क्लोजच्या ओळीपर्यंत अंमलबजावणी पोहोचतच नाही. प्रत्येक अशा अर्जामागे एक कनेक्शन जाते. एरवी अशा आठ चुका व्हायला कित्येक दिवस लागत असतील आणि मधल्या काळात कोणी ना कोणी रीस्टार्ट करत असेल. शेवटच्या दिवशी त्याला अर्धा तास पुरतो. आपल्याला दिसणारे वेळेचे कोडे एवढेच आहे.

कायमचा उपाय कोडमध्येच आहे : कनेक्शन, स्टेटमेंट आणि रिझल्टसेट हे तिन्ही ट्राय-विथ-रिसोर्सेसमध्ये (काम संपताच त्यांना आपोआप बंद करणाऱ्या जावाच्या रचनेत) घ्यावेत. ही सोय २०११ च्या जावा ७ पासून आहे, तेव्हा कोणत्याही चालू प्रकल्पाला ती न वापरण्याचे कारण उरलेले नाही. दोषी जागा शोधण्यासाठी कॉन्टेक्स्ट डॉट एक्सएमएलमधील रिसोर्सवर रिमूव्ह-अबँडन्ड-ऑन-बॉरो आणि लॉग-अबँडन्ड हे दोन्ही ‘ट्रू’ करा. मग ३०० सेकंद न वापरलेले कनेक्शन पूल परत ओढून घेतो आणि ते कोडच्या कोणत्या ओळीवर घेतले होते, ते लॉगमध्ये लिहितो. पाच मिनिटांहून लांब चालणारी एखादी क्वेरी असेल, तर ही मुदत आधी वाढवावी, नाहीतर तिच्या हातातले कनेक्शन काढून घेतले जाऊ शकते. मॅक्सवेटमिलिस १०,००० ठेवा, म्हणजे दहा सेकंदांनंतर स्पष्ट एरर येईल. अर्जदाराला गोल फिरणाऱ्या चक्रासमोर बसवून ठेवण्यापेक्षा ते कितीतरी बरे.

गळती बंद झाल्यावर मॅक्सटोटलही वाढवावे लागेल. एक विनंती कनेक्शन सरासरी ०.४ सेकंद धरून ठेवत असेल, तर आठ कनेक्शनांवर सेकंदाला २० विनंत्याच निघतात, मग थ्रेड कितीही असोत. तो आकडा वाढवताना डेटाबेसची मर्यादा पाहावी : पोस्टग्रेसमध्ये ती मुळात १०० आणि मायएसक्यूएलमध्ये १५१ असते. दोन टॉमकॅटना प्रत्येकी ६० दिले, तर पोस्टग्रेस पुरणार नाही. मॅक्सथ्रेड्स पुन्हा २०० वर आणावे.

यापुढे अडचण आली तर एकच डंप न घेता दहा-दहा सेकंदांच्या अंतराने तीन घ्यावेत, म्हणजे तोच थ्रेड त्याच ओळीवर खिळला आहे की हळूहळू पुढे सरकतो आहे, हे कळते. त्यासाठी जेस्टॅक ही जावाची आज्ञा वापरता येते. लिनक्सवर ‘किल -३’ दिले तरी चालते. नाव भीतीदायक असले तरी त्याने प्रक्रिया मरत नाही, डंप कॅटलिना डॉट आउटमध्ये उतरतो.

प्रश्न : सर्व्हरला १६ जीबी रॅम आहे. हीप (जावा प्रोग्रामच्या ऑब्जेक्ट्ससाठीची मेमरी) किती द्यावी? नवी आवृत्ती चार-पाच वेळा डिप्लॉय केली की मेटास्पेस संपल्याचा संदेश येतो, हे हीप कमी पडल्यामुळे होते का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : नाही. मेटास्पेस हीपच्या बाहेर असते आणि तिच्यात क्लासेसची माहिती राहते. चालू टॉमकॅटमध्ये आपण नवी आवृत्ती चढवता तेव्हा जुन्या आवृत्तीचा क्लासलोडर (क्लासेस मेमरीत आणणारा भाग) सुटायला हवा. पण आपणच सुरू केलेला एखादा थ्रेड किंवा साफ न केलेला थ्रेडलोकल (थ्रेडला जोडून ठेवलेली माहिती) त्याला धरून ठेवतो आणि प्रत्येक डिप्लॉयनंतर जुन्या क्लासेसचा एक अख्खा संच मागे उरतो. थांबवताना टॉमकॅट अशा थ्रेडचे नाव घेऊन लॉगमध्ये इशारा देतो, तो वाचावा. टॉमकॅटच्या मॅनेजर या व्यवस्थापन पानावर गळती शोधण्याचे बटणही आहे, परंतु ते पूर्ण गार्बेज कलेक्शन, म्हणजे मेमरीची सफाई, करवते, म्हणून गर्दीच्या वेळी त्याला हात लावू नये.

हीपचा आकडा आपण दिला नाही, तर जावा रॅमचा चौथा भाग, म्हणजे आपल्याकडे ४ जीबी, ही कमाल धरते. किती हवी हे मोजूनच ठरवावे. ‘जेस्टॅट’ला ‘जीसीयुटिल’ पर्याय देऊन दर सेकंदाला ओल्ड जनरेशनचा (हीपमधील दीर्घकाळ टिकलेल्या ऑब्जेक्ट्सच्या भागाचा) स्तंभ पाहावा आणि आलेखाच्या शिखरांकडे न पाहता मोठ्या सफाईनंतरच्या तळाकडे पाहावे. तळ दिवसेंदिवस वर चढत असेल तर गळती आहे, हीप वाढवून फक्त तारीख पुढे जाईल. तळ स्थिर असेल तर त्याच्या दुप्पट-तिप्पट हीप देऊन मी सुरुवात करीन. हीप डंप ऑन आउट ऑफ मेमरी हा पर्याय आजच चालू करून ठेवावा. हे सर्व बिन फोल्डरमध्ये सेटएन्व्ह डॉट एसएच ही फाइल तयार करून कॅटलिना-ऑप्ट्समध्ये लिहावे. जावा-ऑप्ट्समध्ये लिहिल्यास ते सर्व्हर थांबवणाऱ्या आज्ञेलाही लागू होते आणि जेएमएक्सचा (जावावर दुरून देखरेख ठेवण्याच्या सोयीचा) पोर्ट दिलेला असेल तर थांबवतानाच पोर्ट अडलेला असल्याची एरर येते.

प्रश्न : मॅनेजरचे पान घरून पाहता यावे म्हणून आयपीचे बंधन काढले तर चालेल का? (एक वाचक, पणजी)

उत्तर : चालणार नाही. त्या पानावरून कोणतेही वॉर (जावा वेब अ‍ॅपची फाइल) चढवता येते, म्हणजे पासवर्ड फुटला की सर्व्हर परक्याच्या हाती जातो. बंधन तसेच ठेवून एसएसएच टनेलमधून, म्हणजे सर्व्हरपर्यंतच्या कूटबद्ध जोडणीतून, पान उघडावे. जेकन्सोल या देखरेखीच्या साधनासाठीही तोच मार्ग वापरावा. जाता जाता ८००९ पोर्टवरचा एजेपी कनेक्टर (समोरच्या वेब सर्व्हरशी टॉमकॅटला जोडणारा) उघडा नाही ना, तेही पाहून घ्या : २०२० साली घोस्टकॅट नावाने गाजलेली त्रुटी त्यातच होती आणि ती ९.०.३१ मध्ये दुरुस्त झाली. त्याहून जुनी आवृत्ती चालवत असाल, तर आधी ती बदला.