रग्बी लीग विश्वचषकाचे चाहते सामोआचे नाव इतक्या आदराने का घेतात?

कारण 2022 मध्ये इंग्लंडमध्ये झालेल्या विश्वचषकात सामोआ पहिलाच सामना यजमानांकडून 60-6 असा हरला होता आणि चारच आठवड्यांनी लंडनमधील उपांत्य फेरीत त्याच इंग्लंडला त्याने 27-26 असे हरवले. निर्धारित वेळेत बरोबरी झाल्यावर ‘गोल्डन पॉइंट’ या नियमाने, म्हणजे जो आधी गुण मिळवेल तो विजयी, खेळ पुढे चालला आणि सामोआच्या स्टीफन क्रायटनने ड्रॉप गोल (हातातला चेंडू जमिनीवर टाकून उसळताच गोलखांबांमधून मारणे) मारून तो एक गुण मिळवला. अंतिम फेरी गाठणारा सामोआ हा प्रशांत महासागरातील छोट्या बेटदेशांपैकी पहिला ठरला. तेथे ऑस्ट्रेलियाने त्याला 30-10 असे नमवले, पण माझ्या मते त्या पराभवाने मूळ यश जराही उणावत नाही.

मला यात सर्वांत महत्त्वाची वाटते ती खेळाडूंची निवड. ऑस्ट्रेलियाकडून खेळण्याची संधी समोर असतानाही ब्रायन टोओ आणि जरोम लुआय यांनी आपल्या पूर्वजांच्या देशाची जर्सी स्वीकारली. ही वाट 2017 च्या विश्वचषकात टोंगा या प्रशांत महासागरातील दुसऱ्या बेटदेशाने दाखवली होती (न्यूझीलंड सोडून आलेला जेसन टाउमालोलो त्यात होता), आणि त्या संघाने न्यूझीलंडलाच 28-22 असे हरवले होते.