चावीविना चालणाऱ्या गाडीच्या रिमोटचा सेल दोन-तीन महिन्यांतच का संपतो?

बहुतेकदा दोष चावी (म्हणजे हा रिमोटच) ठेवण्याच्या जागेचा असतो. गाडी चावीचा शोध घेण्यासाठी कमी वारंवारतेचे संदेश सोडते. चावी टप्प्यात असली की दर वेळी जागी होऊन उत्तर देते आणि सेल झिजतो. म्हणून चावी गाडीपासून चार-पाच मीटर लांब ठेवा. टीव्ही, लॅपटॉप, वायरलेस चार्जरजवळही नको, त्यांच्या लहरींनीही ती जागी होते. दुसरी चावी गाडीतच पडून असेल तर तीही काढा.

तरीही फरक नसेल तर दाबून अडकलेलं बटण किंवा आत शिरलेली ओल तपासा. सेल झाकणावर छापलेल्याच क्रमांकाचा हवा: सीआर२०३२ च्या जागी सीआर२०२५ बसतो खरा, पण ०.७ मिमी पातळ असल्याने संपर्क सुटतो. नवा सेल मल्टिमीटरवर ३ व्होल्टपेक्षा थोडा जास्तच दिसायला हवा. नाहीतर तो जुनाट माल समजा.